रविवारी सकाळी तुम्ही दोघं कुठे असाल?

"मी बाप्तिस्मा घेतो की मग, विषयच संपला," असं तो फोनवर म्हणाला, तो म्हणजे माझं ज्याच्यावर प्रेम होतं तो ख्रिस्ती नसलेला मुलगा, आणि बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता, कारण जवळजवळ वर्षभर मी हीच प्रार्थना करत होते. पण माझ्या पोटात गोळा आला. "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर जागी राहिले. हे मागच्या वर्षीचं, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या साधारण दोन आठवडे आधीचं. त्यानंतरचे दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते मला लिहून ठेवायचंय, कारण माझ्यासारखे बरेच जण हे एकट्यानेच सोसतात आणि चर्चमध्ये विचारायला गेलं तर दोनच उत्तरं मिळतात, एक तर "तोडून टाक" नाहीतर "प्रार्थना करत राहा, येईल तो प्रभूकडे". या दोन्हींच्या मधे जे असतं ते कुणी सांगत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी २७ वर्षांची, आईबाबा दोघंही विश्वासात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासात, तान्ही असतानाच बाप्तिस्मा झाला आणि सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे आईबाबांनी माझ्या वतीने जे कबूल केलं होतं ते मी मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. पण विश्वास खरोखर माझा झाला तो त्याच्या पाच-सहा वर्षांनी, पहिल्यांदा घराबाहेर राहायला लागले तेव्हा. रविवारी सकाळी हाक मारून उठवणारं कुणी नव्हतं. झोपून राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं, आणि तरीही मी उठत होते, आवरत होते, जात होते. तेव्हा कळलं की हे आईचं नाही, माझं आहे.

रोजचं आयुष्य म्हणाल तर इतरांसारखंच आहे. सकाळी वीसेक मिनिटं शांत वेळ, म्हणजे वचन वाचायचं आणि प्रार्थना. पवित्र शास्त्रात एकूण ११८९ अध्याय आहेत, रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पूर्ण होतात, आणि दर वर्षी मी जानेवारीत जोरात सुरू करते आणि लेवीय हे नियमांनी भरलेलं पुस्तक आलं की मागे पडते. मग ऑफिस, मग घर, शुक्रवारी संध्याकाळी तरुण संघाची मीटिंग, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस, रविवारी उपासना आणि त्याआधी संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवणं. ऑफिसमधल्यांना वाटतं ही फार धार्मिक आहे आणि चर्चमधल्या काही काकूंना वाटतं ही फार जगिक होत चाललीये. दोन्हीकडे मी तीच असते.

लग्नाचा विषय निघाला की मात्र सगळं अवघड होऊन बसतं. आमच्या तरुण संघात मुली चौदा आणि मुलगे पाच. त्या पाचांना मी संडे स्कूलपासून ओळखते, त्यातल्या दोघांची नाकं मी पुसलीयेत. आणि समजा एखाद्याशी बोलावंसं वाटलंच, एकदा कॉफी प्यायला गेलं, तर पुढच्या रविवारी तीन जणी विचारतात "मग कधी?" म्हणजे ओळख करून घ्यायला जागाच नाही, एकदम भाऊबहीण नाहीतर एकदम साखरपुडा, मधली पायरीच काढून टाकलेली.

म्हणून मी फोनमध्ये डेटिंग ॲप टाकलं. तिथे धर्माचा फिल्टर असतो, मी तो लावला, आणि कळलं की त्या एका शब्दाखाली काय काय येतं. कुणी वर्षातून एकदा नाताळला जातं, कुणासाठी ते फक्त आडनाव आहे, कुणी रोज दोन तास उपासनेत असतं. एक मुलगा भेटला, फार भक्तिमान, मला खूप बरं वाटलं होतं, आणि दुसऱ्याच भेटीत तो म्हणाला की देवाने त्याला दाखवलंय की मीच त्याची बायको. मी गप्प झाले. त्याला नाही म्हणायचं म्हणजे देवाला नाही म्हणायचं का, असं खरंच वाटलं मला, आणि आठवडाभर मी घाबरून होते. शेवटी तरुण संघाच्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं देव त्याच्याशी बोलतो तसा तुझ्याशीही बोलू शकतो ना, तुझं उत्तर तो दुसऱ्याच्या हातात कशाला देईल?" मी त्या मुलाला नाही कळवलं. पण हे मी मुद्दाम लिहितेय, कारण देवाचं नाव घेऊन कुणी असा दबाव आणला की भलीभली मुलगी गोंधळते आणि हे चांगल्या माणसांकडूनही होतं.

त्याच सुमारास तरुण संघात आम्ही या विषयावर चार आठवडे अभ्यास केला. मजा अशी की पवित्र शास्त्रात डेटिंग नाहीच. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन विहिरीवर जातो आणि प्रार्थना करतो की जी मुलगी मला पाणी देईल आणि "उंटांनाही पाजते" म्हणेल तीच इसहाकासाठी, आणि रिबका तसंच म्हणते. याकोब राहेलसाठी सात वर्षं राबतो आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटतात, आणि मग फसवून लेआ गळ्यात बांधली जाते. रूथ तर स्वतः रात्री खळ्यावर जाऊन बवाजाच्या पायांशी निजते. यातलं काय घ्यायचं, काय नाही? ताई म्हणाल्या, पद्धत शोधू नका, माणसं बघा. रिबकेने दहा उंटांना पाणी ओढलं, तहानलेला उंट किती पितो त्याचा विचार करा, मुलगी कष्टाला आणि परक्याला मागे सरणारी नव्हती. मला हे पटलं. आणि गीतरत्न या पवित्र शास्त्रातल्या प्रेमगीतांच्या पुस्तकात एक ओळ तीनदा येते, दुसऱ्या, तिसऱ्या आणि आठव्या अध्यायात, की प्रेमाची स्वतःची इच्छा होईपर्यंत त्याला उठवू नका. ती ओळ मी वहीत लिहून घेतली होती. आणि नंतर दीडेक महिन्यात तो आला.

तो माझ्याच ऑफिसात दुसऱ्या टीममध्ये. पहिल्यांदा सगळ्यांचा रविवारी सकाळी फिरायला जायचा बेत ठरत होता, मी म्हटलं "रविवारी सकाळी मी नसते". बाकीचे पुढे बोलायला लागले, त्याने एकट्याने विचारलं, "कुठे असतेस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दर रविवारी?" मी म्हटलं हो. तो म्हणाला, "मला असं काहीच नाहीये, दर आठवड्याला न चुकता करावंसं वाटेल असं." यात कुठेही चेष्टा नव्हती. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

तो कशाच्या विरोधात नव्हता. देव आहे की नाही ते मला माहीत नाही, असं तो साधेपणाने सांगायचा, आणि खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. दोन महिन्यांनी मला कळलं की मी अडकलेय. तेव्हाच थांबायला हवं होतं असं पुष्कळांनी नंतर मला सांगितलं. असेलही. पण माणूस आवडायला लागतो तेव्हा तो आधी विश्वासाच्या रकान्यावर खूण करून येत नाही.

एक गोष्ट मी तिसऱ्या महिन्यात स्पष्ट सांगितली, की शारीरिक जवळीक मी लग्नाआधी एका हद्दीपलीकडे नेणार नाही. हे बोलायला मला फार भीती वाटत होती, मी चालता चालता बोलले म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. त्याने विचारलं का. "आमच्यात चालत नाही" एवढं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं की माझ्या दृष्टीने शरीर हे लग्नाच्या वचनाबरोबर द्यायची गोष्ट आहे, आधी वचन, मग शरीर, आणि वचन दिलेलं नसताना मी ते दिलं तर मी अर्धं खरं बोलल्यासारखं होईल. त्याने ते मानलं आणि एकदाही परत विषय काढला नाही. सोपं नव्हतं, त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही, आणि काही दिवस मी स्वतःच्या हद्दीच्या फार जवळ जाऊन आले. एक मात्र बोलते, की पवित्रतेवरचे जे धडे आम्हाला दिले गेले त्यातले तीन चतुर्थांश फक्त मुलींना उद्देशून होते, काय घालावं, कसं बसावं, आणि मुलग्यांना दोन वाक्यांत सोडलं होतं. प्रेषित पौलाने त्याच्या पत्रात शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं ते सगळ्या मंडळीला लिहिलं होतं, बायकांच्या वर्गाला नाही. ही चूक आपण सुधारायला पाहिजे.

मी त्याला मार्कच्या शुभवर्तमानाची, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राची, सुटी छोटी पुस्तिका दिली. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, सोळा अध्याय, एका बैठकीत होतं. त्याने ती पेन्सिल घेऊन वाचली. मला दाखवायला आणली तेव्हा सगळ्या पुस्तिकेत एकाच ठिकाणी खाली रेघ होती, नवव्या अध्यायात, जिथे आजारी मुलाचा बाप येशूला ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. रेघ दोनदा ओढलेली होती, दाबून, मागच्या पानावर उमटली होती. आणि त्याला हे फार आवडलं की सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबतं, बायका कबरेपासून पळतात आणि घाबरल्यामुळे कुणाला काहीच सांगत नाहीत. "म्हणजे त्यांनाही लगेच कळलं नव्हतं," तो म्हणाला. मला त्या रेघेवरून इतकी आशा वाटली की मी घरी येऊन रडले.

आईला कळलं, मग आजीला. आजीने आधी मोनिकाची गोष्ट सांगितली, संत ऑगस्टीनची आई, तिचा नवरा विश्वासात नव्हता, मरायच्या थोडं आधी त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि मुलासाठी ती वर्षानुवर्षं रडत प्रार्थना करत राहिली, शेवटी ३८७ साली मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून मुलाचा बाप्तिस्मा झाला. चर्चमध्ये ही गोष्ट सगळे आशेची म्हणून सांगतात. पण आजी नंतर म्हणाली, "त्या बाईने सोसलं किती ते कुणी सांगत नाही. तिचा नवरा तापट होता. तू मोनिका व्हायला निघालीयेस का?"

आणि मग तिने टिळकांचं सांगितलं. नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं आम्ही रविवारी गातो, फुलांमुलांचे कवी, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा एका विश्वासात, बायको दुसऱ्या, मधे केवढी ताटातूट. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होते पण मला नेहमी वाटायचं की पाच वर्षांनी त्या नवऱ्याच्या मागे गेल्या. आजी म्हणाली तसं नाही, त्यांना स्वतःला पटलं तेव्हा त्या आल्या, नवऱ्यासाठी यायचं असतं तर पहिल्याच वर्षी आल्या असत्या. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि म्हणूनच त्या फोनवर "मी घेतो की मग" ऐकून मला तसं झालं. तो माझ्यासाठी यायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे गेले. मला वाटलं होतं ते पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय काढतील, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका, आणि मला घरी पाठवतील. त्यांनी तो काढलाच. पण आधी जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २२वा अध्याय काढला, बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नका. म्हणाले, "यात गाढवाचा अपमान नाहीये बाळ. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी, एका जुवाखाली दोघांच्याही मानेला जखम होते. नियम दोघांनाही वाचवायला आहे." मग पहिल्या पत्राचा सातवा अध्याय, तिथे तोच पौल लिहितो की ज्याचं आधीच लग्न झालंय आणि जोडीदार विश्वासात नाही पण राहायला राजी आहे, त्याने सोडू नये. म्हणजे तो माणूस अशुद्ध आहे म्हणून दूर राहा असं पौल म्हणत नाहीये. पण तुझं लग्न अजून झालेलं नाही, तुला अजून निवडता येतं, एवढंच ते म्हणाले.

बाप्तिस्म्याबद्दल ते म्हणाले की त्याला माझ्याकडे पाठव, वर्गाला बसू दे, पण मंडळीसमोर त्याला विचारतील येशू ख्रिस्त तुझा प्रभू आहे का, आणि तो हो म्हणताना तुझ्याकडे बघत असेल तर मी पाणी लावणार नाही.

उपवासकाळाची कल्पना त्यांचीच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात, पण उपवास ४० दिवसांचा, कारण मधले सहा रविवार धरत नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. ते म्हणाले ४० दिवस भेट नाही, फोन नाही, मेसेज नाही, आणि सहा रविवारी दुपारी दोन तास भेटा. मी सहा प्रश्न देतो, प्रत्येक रविवारी एक. आधी वेगवेगळं लिहून आणा, मग एकमेकांना वाचून दाखवा, वाद घालू नका. त्याला सांगितल्यावर तो लगेच तयार झाला.

पहिला प्रश्न होता, रविवारी सकाळी तुम्ही दोघं कुठे असाल? इतका साधा की आम्ही दोघंही हसलो. मी लिहिलं होतं चर्चमध्ये, शेजारी शेजारी. त्याने लिहिलं होतं, "मी तिला सोडायला जाईन, आणायला जाईन, आणि मधले दोन तास वाट बघेन." त्याला वाटत होतं हे चांगलं उत्तर आहे, आणि होतंच चांगलं. पण मी ते वाचून पुढची तीस-चाळीस वर्षं मोजली.

दुसरा पैशाचा, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा की नाही, दोघांच्या पगारातून की एकाच्या. त्यात काही अडलं नाही, तो उदार आहे. तिसरा होता भांडण झालं तर माफी कोण आणि कशाच्या आधारावर मागेल, त्यावर आम्ही तासभर छान बोललो आणि मला परत वाटायला लागलं की होईल सगळं. मधल्या दिवसांत मात्र हाल होते. ऑफिसात तो दिसायचा, मान हलवायचा, बस. रात्री फोन हातात घेऊन मी त्याचं नाव उघडायचे आणि बंद करायचे. उपवास म्हणजे काय ते मला जेवण सोडून कधी कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, भूक लागते, आणि त्या भुकेत जी प्रार्थना होते ती वेगळी असते, तिच्यात शब्द कमी असतात.

चौथा रविवार मुलांचा. त्याने लिहिलं होतं मुलं मोठी झाल्यावर स्वतः ठरवतील. मला हे माहीत होतं. मी लिहिलं होतं की मी रोज रात्री त्यांना झोपवताना त्यांच्याबरोबर प्रार्थना करणार. वाचून झाल्यावर नियम मोडून मी विचारलं, "तेव्हा तू त्या खोलीत असशील का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी दारात उभा राहीन."

दारात. तो खोटं बोलू शकला असता, "असेन की" म्हटलं असतं तर मी मानलं असतं. माझ्या संडे स्कूलच्या वर्गात एक सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याचे बाबा त्याला सोडून बाहेर गाडीत बसतात, आत येत नाहीत. त्याने मला एकदा विचारलं होतं, "टीचर, माझ्या बाबांना देव आवडत नाही का?" मी काहीतरी सांगितलं होतं तेव्हा, काय ते आठवत नाही. त्या रविवारी दुपारी मला तो मुलगाच दिसत होता. आणि त्या गाडीत बसलेल्या बाबांचाही मला पहिल्यांदा विचार आला, त्यांना किती एकटं वाटत असेल.

पाचवा मरणाचा प्रश्न होता, आपल्यापैकी एक आधी गेला तर दुसरा कशावर उभा राहील, तो थोडक्यात झाला, आम्ही दोघंही थकलो होतो.

सहावा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी. त्या सकाळी मुलांबरोबर मी झावळी हातात धरून होसान्ना म्हणत चर्चला फेरी मारली आणि दुपारी त्याला भेटायला गेले. प्रश्न होता, समोरचा आत्ता आहे तसाच शेवटपर्यंत राहिला तर? मी लिहिलं होतं, "मी वाट बघेन." एवढंच. लिहिताना मला ते प्रेमाचं वाटलं होतं. मोठ्याने वाचलं आणि त्याचा चेहरा बघितला तेव्हा कळलं मी काय लिहिलंय ते. त्याने लिहिलं होतं, "ती कधी बोलून दाखवणार नाही, पण रोज वाट बघेल, आणि मी रोज थोडा कमी पडेन." आम्ही एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहिली होती, मी माझ्या बाजूने आणि त्याने त्याच्या. मी त्याच्यावर प्रेम करत होते आणि त्याचवेळी उद्या होणाऱ्या दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत होते, आणि हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

पवित्र आठवड्यात मी त्याला भेटले नाही. तो बाप्तिस्म्याच्या वर्गाला चार वेळा गेला होता, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी त्याने स्वतः पाळकसाहेबांना सांगितलं की आत्ता हो म्हटलं तर ते खोटं होईल. हे मला पाळकसाहेबांनी नाही, त्यानेच ईस्टरनंतरच्या सोमवारी सांगितलं. त्या दिवशी आम्ही थांबलो. कुणी कुणाला सोडलं असं नाही, पण थांबवायचं वाक्य मी बोलले, ते मला त्याच्यावर ढकलायचं नव्हतं. त्याने विचारलं, "ती मार्कची पुस्तिका परत देऊ का?" मी म्हटलं ठेव.

पुढचे तीन-चार महिने कसे गेले ते लिहीत नाही. क्वायरमध्ये उभी राहायचे आणि आवाज फुटायचा नाही, शेजारची अल्टो गाणारी काही न विचारता माझी ओळही गायची.

पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. चर्चमध्ये कळल्यावर दोघा-तिघांनी मला सांगितलं की साक्ष दे, देवाने तुला कसं वाचवलं ते तरुणांसमोर सांग. मी नाही म्हटलं. वाचवलं कशापासून? मी आजवर भेटलेल्यांमधला तो सगळ्यात खरा माणूस होता. मला ज्याने "देवाने दाखवलंय" म्हणून घाबरवलं तो विश्वासात होता आणि ज्याने खोटा बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला तो विश्वासात नव्हता. माझ्या प्रभूच्या नावाचा मान त्या दोघांपैकी कुणी जास्त राखला? मी आज्ञा पाळली, पाळल्याचा मला पश्चात्ताप नाही, तो निर्णय आजही बरोबर वाटतो, पण आज्ञापालनाची किंमत त्यानेही मोजली आणि त्याच्या वाट्याला टाळ्या नव्हत्या. त्याला हरवून जिंकल्याची साक्ष मी देणार नाही.

आणि विश्वासातला नवरा म्हणजे सगळं आपोआप नीट, असंही मला आता वाटत नाही. हे सगळं चालू असताना आई एका रात्री माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "तुझे बाबा आणि मी एकाच बाकावर बसतो, पण दोघांनी मिळून प्रार्थना केल्याला किती वर्षं झाली ते विचारू नकोस." मग उठून गेली. गेल्या डिसेंबरपासून ते दोघं रात्री जेवणानंतर पाच मिनिटं बसतात. कुणी सुरू केलं ते मी विचारलं नाही.

त्याच्यासाठी मी अजून प्रार्थना करते, पण आता त्यात "माझ्यासाठी त्याला आण" हे नाही, ते काढून टाकायला मला खूप दिवस लागले. ॲप परत टाकलं नाही. मध्यंतरी ताईंच्या ओळखीतल्या एकाला भेटले, पहिल्याच भेटीत मी सगळं स्पष्ट बोलले, तोही बोलला, पुढे गेलं नाही पण दोघांचाही वेळ आणि मन वाचलं.

मागच्या शुक्रवारी मीटिंग संपल्यावर तरुण संघातली एक एकोणीस वर्षांची मुलगी खुर्च्या आवरायला मुद्दाम थांबली. कॉलेजमधला एक मुलगा आहे, विश्वासात नाही, खूप चांगला आहे, दीदी मी काय करू. तिला वाटलं होतं मी माझी गोष्ट सांगेन आणि शेवटी नको म्हणेन. मी तिच्या वहीचा कागद मागून घेतला, त्यावर पहिला प्रश्न लिहून दिला आणि सांगितलं की दोघांनी वेगवेगळं लिहा, मग ये. ती तिथेच उभी राहून वाचत होती, आणि मग खुर्चीवर बसून तिने पेन काढलं.